व्हॉट्सॲप न काढता ओपन चॅट कसं सुरू करायचं, घरच्या पाच जणांपासून

मागच्या खरिपात ऐन पेरणीच्या तोंडावर आमच्या शेतकरी गटाचा नंबर एका चॅट ॲपनं बंद करून टाकला. रोज सकाळी मोंढ्यातला सोयाबीनचा भाव आणि पावसाचा अंदाज आम्ही शे-दीडशे जणांना एकदाच पाठवायचो, त्यांच्या मशीनला ते स्पॅम वाटलं असावं, नक्की कारण शेवटपर्यंत कळलं नाही, नुसतं नियम मोडले म्हणून सांगितलं. अपील केलं तर दोन मिनिटात आपोआप येणारं उत्तर आलं. चार वर्षांचे फोटो होते त्यात, पिवळ्या मोझॅकचे, बोंडअळीचे, कुणाच्या रानात किती मिलिमीटर पाऊस पडला त्याच्या नोंदी होत्या, सगळं गेलं. आणि लै वाईट वाटलं ते याचं की माणसं सगळी इथलीच, सेलू-मानवत-पाथरीच्या आसपासची, पण अर्ध्या जणांचे नंबर कुणाकडंच कागदावर नव्हते, ते त्या ग्रुपातच होते.

तेव्हापासून मी हे शिकायलो आणि आता गटातले, नात्यातले लोक विचारायलेत की हे ओपन चॅट म्हणजे नेमकं काय आणि सुरू कसं करायचं, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो. कॉम्प्युटरचं शिक्षण लागत नाही, फोनवर ॲप टाकता येत असलं की झालं.

आधी फरक समजून घ्या

तुमच्या फोनपेवरून समोरच्याच्या गुगल पे वर पैसे जातात का नाही? जातात. कामून जातात, तर २०१६ पासून मधी यूपीआय नावाची एकच पद्धत आहे आणि सगळ्या ॲपना ती पाळावी लागते. बीएसएनएलच्या सिमवरून जिओच्या सिमला फोन लागतो, त्याचं पण तेच. ईमेलचंही तसंच आहे, १९८२ पासून ईमेल पाठवायचे नियम उघड लिहून ठेवलेत, कुणीही ते वाचून आपला सर्व्हर, म्हणजे मेसेज घेऊन पुढं पोचवणारा कॉम्प्युटर, उभा करू शकतो, म्हणून जीमेलवाला याहूवाल्याला मेल टाकतो आणि कुणाला त्यात नवल वाटत नाही.

आता व्हॉट्सॲपवरून टेलिग्रामवर मेसेज टाकून बघा. जात नाही. तिथं कंपनीच्या वाड्यात सगळे बसलेत आणि वाड्याला एकच दरवाजा आहे, चावी मालकाकडं.

ओपन स्टँडर्ड म्हणजे मेसेज कसा पाठवायचा, कसा पोचवायचा, पत्ता कसा असायचा याचे नियम उघड लिहिलेले असणं, आणि त्या नियमानं कुणीही ॲप बनवू शकणं, कुणीही सर्व्हर चालवू शकणं, आणि ते सगळे सर्व्हर एकमेकांशी बोलणं. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, इथंच लोकांचा घोटाळा होतो. कुणीतरी म्हणतं, सिग्नल नावाचं चॅट ॲप तर ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड कुणालाही बघता येतो, मग ते ओपनच झालं की. नाही बरं का. सिग्नलचा कोड उघड आहे, त्याचं एन्क्रिप्शन, म्हणजे मेसेजला लावलेलं कुलूप, फार चांगलं आहे, मी स्वतः ते वापरतो, पण सिग्नलचा सर्व्हर एकच संस्था चालवते आणि तुम्ही तुमचा वेगळा सर्व्हर टाकून त्याला जोडू शकत नाही. टेलिग्रामच्या ॲपचा कोड उघड आहे, सर्व्हरचा नाही, आणि त्याच्यात साध्या चॅट एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड (म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून मधल्या कुणालाच वाचता न येणाऱ्या) पण नसतात, फक्त सिक्रेट चॅट असतात, हे तर लै जणांना माहीतच नाही. म्हणून कुठलंही ॲप बघितलं की एकच प्रश्न विचारा: दुसऱ्याच्या ॲपवरून, दुसऱ्याच्या सर्व्हरवरून इथल्या माणसाला मेसेज येतो का? येत असला तर ओपन.

आणखी एक सांगतो, म्हणजे उगं गैरसमज नको. व्हॉट्सॲप तुमचे मेसेज वाचतं असं मी म्हणत नाही. २०१६ पासून त्यात एंड-टू-एंड एन्क्रिप्शन आहे आणि ते सिग्नलवाल्यांच्याच पद्धतीचं आहे. माझं दुखणं वेगळं आहे. तुमचं खातं, तुमचा ग्रुप, तुमची माणसं हे सगळं एकाच कंपनीच्या मर्जीवर राहतं, ती नाही म्हणली की संपलं, दुसरीकडून त्याच माणसांपर्यंत जायला वाट नाही. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकच्या नेटवर्कच्या सेटिंगमधे एक चूक झाली आणि आपल्याकडं रात्री नऊच्या सुमारास व्हॉट्सॲप जे बंद पडलं ते जवळजवळ सहा तास, सगळ्या जगात एकदाच. हजार वेगवेगळे सर्व्हर असते तर एक पडला असता, बाकीचे चालले असते.

एक्सएमपीपी काय आहे

ओपन चॅटचे दोन मोठे स्टँडर्ड आहेत, एक्सएमपीपी आणि मॅट्रिक्स. मी एक्सएमपीपी पासून सुरू करा म्हणतो, कारण साध्या स्वस्त फोनवर ते हलकं चालतं आणि आपल्याकडं दोन-तीन वर्षं जुने, स्टोरेज भरलेले फोनच जास्त.

जेरेमी मिलर नावाच्या माणसानं १९९९ मधे जॅबर नावानं हे लोकांपुढं आणलं, २००४ मधे इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफ नं त्याला अधिकृत स्टँडर्ड केलं. गंमत बघा, व्हॉट्सॲप सुरू झालं तेव्हा त्याचा पाया पण ह्याच एक्सएमपीपीचा होता, ईजॅबरडी नावाचा ओपन सोर्स सर्व्हर घेऊन त्यात बदल करत ते वाढलं, फक्त बाहेरच्या सर्व्हरसाठी दार उघडलं नाही.

गुगलचं जुनं चॅट, गुगल टॉक, आठवतंय का कुणाला? २००५ मधे आलं, एक्सएमपीपीवरच, आणि २००६ पासून बाहेरच्या सर्व्हरशी पण बोलायचं. लोकांनी काय केलं, सगळे गुगलवर गेले, छोटे सर्व्हर ओस पडले. मग २०१३ मधे गुगलनं हँगआऊट्स नावाचं दुसरं चॅट काढलं, बाहेरच्यांशी बोलणं हळूहळू बंद केलं, आणि बाहेर राहिलेल्यांची आपल्याच मित्रांशी गाठ तुटली. हे मी मुद्दाम सांगायलोय, कारण खाली सर्व्हर निवडताना हीच गोष्ट कामाला येणार आहे.

पायरी १: माणसं ठरवा, ॲप नंतर

सगळ्यात मोठी चूक इथंच होते. माणूस उत्साहात ॲप टाकतो, उघडून बघतो तर आत कुणीच नाही, आठवड्यात काढून टाकतो. तसं करू नका. आधी चार-पाच जण ठरवा ज्यांच्याशी तुम्ही रोज बोलता. आई, पुण्याला कंपनीत असलेला भाऊ, लातूरला क्लासला ठेवलेली पोरगी, नांदेडला दिलेली बहीण, असे. सगळे एका दिवशी एकत्र असतील असा दिवस धरा, पोळा, दिवाळी, कुणाचं लग्न, आणि समोर बसून सगळ्यांच्या फोनवर टाकून द्या. फोनवरून "हे दाबा, ते दाबा" सांगून होत नाही, मी करून बघितलंय.

आणि व्हॉट्सॲप काढा म्हणू नका कुणाला. शाळेचे मेसेज तिथं, बँकेचे तिथं, लग्नपत्रिका तिथं येतात. दोन्ही राहू द्या. फक्त घरातलं बोलणं इकडं आणायचं.

पायरी २: सर्व्हर निवडा

ईमेलसारखाच इथं पत्ता असतो, नाव, मग @, मग सर्व्हरचं नाव. सर्व्हर कुठला घ्यायचा यात नवीन माणूस गोंधळतो, तर प्रोव्हायडर्स डॉट एक्सएमपीपी डॉट नेट या साईटवर चालू सर्व्हरची यादी आहे, कुठला किती दिवस मेसेज साठवतो, किती मोठी फाईल चालते, पैसे लागतात का, सगळं लिहिलेलं असतं. लै वर्षांपासून चालू असलेला, मागं कोण आहे ते स्पष्ट लिहिलेला सर्व्हर घ्या.

घरचे सगळे एकाच सर्व्हरवर टाकू नका. दोन-तीन ठिकाणी वाटून टाका, एकमेकांशी बोलता येतंच. एक सर्व्हर बंद पडला तरी घर बंद पडत नाही. गुगल टॉकची गोष्ट आठवा.

ज्यांना पत्ता, पासवर्ड हे झेपत नाही, म्हणजे आई-बाबा, त्यांच्यासाठी क्विक्सी नावाचं ॲप आहे. त्यात मोबाईल नंबर टाकायचा, ओटीपी यायचा, झालं, आणि क्विक्सीवरून बाकी कुठल्याही एक्सएमपीपीवाल्याशी बोलता येतं. फक्त त्यात तुमचा नंबरच तुमचा पत्ता होतो, हे ध्यानात ठेवा. आपल्या देशातल्या फ्री सॉफ्टवेअरवाल्या लोकांनी क्विक्सीवरूनच प्रव नावाचं ॲप काढलंय, सहकारी संस्थेसारखं चालवायची त्यांची कल्पना आहे. आपल्याला सहकार सांगायला नको, दूध संघ, पतसंस्था, कारखाने बघतच मोठे झालोत, चांगले पण बघितले आणि बुडालेले पण. पण चॅटचा सर्व्हर सभासदांच्या मालकीचा असावा ही गोष्ट मला मनापासून पटली.

पायरी ३: ॲप टाका आणि खातं काढा

अँड्रॉइडवर कन्व्हर्सेशन्स घ्या. प्ले स्टोअरवर त्याला पैसे पडतात, एफ-ड्रॉइड नावाच्या ओपन सोर्स ॲपच्या दुकानात तेच फुकट मिळतं. जमत असलं तर पैसे द्या, बनवणाऱ्याचं पोट त्याच्यावर आहे. आयफोनवाल्यांनी मोनल घ्यावं. कॉम्प्युटरवर पाहिजे असलं तर गॅजिम, विंडोजवर पण चालतं.

ॲप उघडल्यावर काही सर्व्हरचं खातं तिथंच निघतं, काहींचं त्यांच्या साईटवर जाऊन काढावं लागतं. नाव इंग्रजी अक्षरात छोटं ठेवा, फोनवर सांगताना सोपं जातं.

पासवर्डचं मात्र ऐका. इथं ओटीपी येऊन खातं परत मिळत नाही, क्विक्सीसारखी सोडून. काही सर्व्हर ईमेल मागतात, तिथं देऊन ठेवा, जिथं मागत नाहीत तिथं पासवर्ड विसरला की खातं गेलं. म्हणून एका वहीत पत्ता आणि पासवर्ड लिहून वही कपाटात, सातबारा ठेवता तिथं ठेवा. मी माझ्या चुलत्याचं पहिलं खातं असंच घालवलं, लिहून ठेवलं नव्हतं, आणि त्यांनी परत काढायला दोन महिने नाही म्हणलं.

पायरी ४: बॅटरीची सेटिंग, ही सोडू नका

दहातले सात-आठ जण इथंच वैतागून सोडतात असा माझा अनुभव आहे. मेसेज येतच नाही, ॲप उघडलं की धडाधड पाच येतात, मग म्हणतात तुझं ॲप भंगार आहे. ॲपची चूक नसते. मोठ्या कंपन्यांचे मेसेज गुगलच्या नोटिफिकेशनच्या सेवेतून येतात, पण यातली बरीच ॲप सर्व्हरशी आपली स्वतःची लाईन उघडी ठेवतात, आणि रेडमी, विवो, ओप्पो, रिअलमीचे फोन बॅटरी वाचवायच्या नादात मागं चालणारं ॲप मारून टाकतात.

म्हणून सेटिंगमधे जा, ॲप्स, मग ते ॲप, मग बॅटरी, तिथं बंधन नाही असा पर्याय असतो तो निवडा. ऑटोस्टार्ट नावाचं बटण दिसलं तर ते चालू करा. मग अलीकडची ॲप दाखवायच्या स्क्रीनवर त्या ॲपवर थोडं दाबून धरा, कुलूप दिसतं ते लावा. प्रत्येक कंपनीच्या फोनमधे नावं थोडी इकडं-तिकडं असतात, शोधावं लागतं. हे झाल्यावर स्क्रीन बंद करून फोन अर्धा तास बाजूला ठेवा आणि दुसऱ्या फोनवरून मेसेज टाका. लगेच वाजला तर जमलं. नाही वाजला तर परत सेटिंग बघा, पण आईच्या हातात तो फोन वाजल्याशिवाय देऊ नका.

पायरी ५: कुलूप बघा

कन्व्हर्सेशन्समधे ओमेमो नावाचं एन्क्रिप्शन असतं, सिग्नलच्या पद्धतीवर बेतलेलं, आणि दोघांच्या चॅटमधे ते आपोआप चालू असतं. मेसेज लिहायच्या जागी कुलपाचं चिन्ह दिसतंय का तेवढं बघा. समोरासमोर असताना एकमेकांचा क्यूआर कोड स्कॅन करून घ्या, म्हणजे नंतर दुसऱ्यानं मधी घुसून नवीन फोन लावला तर तुम्हाला कळतं.

दोन गोष्टी आधीच सांगून ठेवा घरच्यांना. नवीन फोन घेतला तर जुने कुलूपबंद मेसेज नव्या फोनवर आपोआप दिसत नाहीत, म्हणून ॲपमधल्या सेटिंगमधून बॅकअपची फाईल बनवून ती दुसरीकडं पण ठेवा. आणि सर्व्हर चालवणाऱ्याला मेसेज वाचता येत नाही, पण कोण कोणाशी कधी बोललं हे दिसू शकतं. म्हणून सर्व्हर विश्वासाचा पाहिजे.

पायरी ६: घरचा ग्रुप

दोन प्रकार दिसतील, खाजगी ग्रुप आणि सार्वजनिक चॅनेल. घरासाठी खाजगीच काढा, त्यात कुलूप चालतं. सार्वजनिक चॅनेलमधे चालत नाही, कुणीही येऊन वाचू शकतं. आम्ही बाजारभावासाठी चॅनेल ठेवलाय, भाव लपवायची गोष्ट नाही, आणि गटाच्या हिशोबासाठी वेगळा खाजगी ग्रुप.

ॲडमिन दोघं-तिघं करा, आणि ते वेगवेगळ्या सर्व्हरवरचे असू द्या. एक कमजोरी खरी आहे ती सांगतो, एक्सएमपीपीत माणसं वेगवेगळ्या सर्व्हरवर असली तरी ग्रुप स्वतः एकाच सर्व्हरवर राहतो, तो सर्व्हर बंद पडला तर ग्रुप बंद. माणसं मात्र तुटत नाहीत, त्यांचे पत्ते तुमच्याकडं असतात, दुसरीकडं नवीन ग्रुप काढून तासाभरात सगळे परत येतात. आम्ही एकदा केलंय.

मॅट्रिक्समधे इथं फायदा आहे, तिथं ग्रुपची प्रत त्यात असलेल्या माणसांच्या सगळ्या सर्व्हरवर राहते. २०१४ पासूनचं स्टँडर्ड आहे, फ्रान्स सरकारनं त्यावरच आपल्या कर्मचाऱ्यांसाठी चाप नावाचं ॲप बनवलंय. मोठ्या संस्थेला ते बरं पडेल, पण थोडं जड चालतं. आणि एक माहीत असू द्या, मे २०२३ मधे केंद्र सरकारनं १४ मेसेजिंग ॲपवर बंदी घातली त्यात मॅट्रिक्सचं सगळ्यात प्रसिद्ध ॲप एलिमेंट पण होतं. पण बंदी त्या ॲपवर होती, मॅट्रिक्स हे स्टँडर्ड आहे, फ्लफीचॅटसारखी त्याची दुसरी ॲप आहेत. ॲप आणि स्टँडर्ड वेगळं असतं ते असं.

ज्यांना हे दोन्ही नको, त्यांनी डेल्टा चॅट बघा. ते दिसतं चॅटसारखं, पण आतून मेसेज ईमेलनं जातात, फोन नंबर पण लागत नाही.

पायरी ७: गटासाठी, संस्थेसाठी स्वतःचं नाव घ्या

ही पायरी घरच्यांना नको, पण शेतकरी गट, बचत गट, छोटं दुकान, क्लास चालवणाऱ्यांनी जरूर करावी. सर्व्हर बदलला की पत्ता बदलतो, ईमेलसारखंच आहे हे, सिम पोर्ट करताना नंबर तोच राहतो तसं आपोआप होत नाही. पण स्वतःचं डोमेन, म्हणजे पत्त्यात @ च्या पुढं येणारं आपलं नाव, घेतलं, वर्षाला हजाराच्या आसपास खर्च, तर पत्ता तुमच्या नावाचा होतो, आणि मागचा सर्व्हर कितीदा पण बदला, लोकांना तोच पत्ता. काही सर्व्हरवाले पैसे घेऊन तुमचं डोमेन चालवून देतात. गावात एखादं पोरगं लिनक्स (सर्व्हरवर चालणारी कॉम्प्युटरची सिस्टीम) शिकलेलं असलं तर स्निकेट नावाचं तयार पॅकेज आहे, त्यात सर्व्हर टाकून नुसती लिंक पाठवून माणसं बोलावता येतात, पासवर्ड-पत्त्याचा गोंधळ कमी होतो. पण सर्व्हर टाकणं सोपं असलं तरी तो सांभाळणं रोजचं काम आहे, अपडेट, बॅकअप, लाईट गेली तर काय, म्हणून दोन माणसं तरी पाहिजेत.

लोक विचारतात ते थोडक्यात

नेटच बंद झालं तर? नोव्हेंबर २०२३ मधे आंदोलनाच्या वेळी बीड, जालन्याकडं मोबाईल नेट बंद होतं, तेव्हा कुठलंच ॲप चाललं नसतं, हे पण नाही. तेव्हा साधा फोन आणि एसएमएस.

व्हिडिओ कॉल होतो का? दोघांचा होतो. सगळ्या घराचा एकदम करायचा असला तर तो अजून दुसरीकडंच करावा लागतो.

व्हॉट्सॲपवरून इकडं मेसेज येईल का कधी? युरोपात डिजिटल मार्केट्स ॲक्ट म्हणून कायदा आहे, त्यानं व्हॉट्सॲपला दुसऱ्या ॲपसाठी दार उघडायला लावलंय, पण तो युरोपापुरता. आपल्याकडं तसा कायदा नाही. यूपीआयचं जमलं तर मेसेजचं का जमू नये, हा प्रश्न मला रोज पडतो, आणि आपल्या खासदार-आमदारांना हा प्रश्न विचारायला पाहिजे असं मला वाटतं.

आमचं आता असं आहे. गटातली अकरा घरं इकडं आलीत, बाकीचे तिकडंच आहेत, दोन्हीकडं भाव टाकतो. आई क्विक्सीवर आहे, तिला लिहिता येत नाही नीट, ती आवाजाचे मेसेज पाठवते, शेळी व्याली, लाईट आली, असे. आणि यावेळी सगळ्यांचे नंबर आणि पत्ते एका रजिस्टरमधे लिहून घेतलेत, रजिस्टर गटाच्या कपाटात आहे, त्याची एक झेरॉक्स माझ्याकडं. तुमचा ग्रुप कुठल्या पण ॲपवर असू द्या, हे रजिस्टरचं काम आज संध्याकाळीच करून टाका, ॲपचं रविवारी बघा.